मदत हवी आहे: रोमन नाण्यावर कुत्रा का?

मोझेलकाठ: तातडीने सांगा. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, दुसरीकडे कुत्रा आणि वर दोन ठिपके. हा राजा कोण? लेकीला उद्या सकाळी वर्गात सांगायचंय. दोन तास शोधतोय.

तांबट: धातू कोणता? व्यास, वजन? कुठे मिळालं? अक्षरं काय आहेत?

मोझेलकाठ: जर्मनीतल्या ट्रिअर शहराच्या जुन्या बाजारातून घेतलं. तांब्यासारखं, नखाएवढं. अक्षरं पुसट आहेत. राजाचं नाव सांगा ना.

सराफकट्टा: रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवा, सकाळी लख्ख!

तांबट: अजिबात नको! नाण्यावरचा हिरवा थर गेला की उरलीसुरली अक्षरंही जातील. अंधारात टॉर्च आडवा धरून बघा.

सराफकट्टा: आमच्या आजीची सगळी भांडी चिंचेनंच निघायची.

तांबट: नाणं म्हणजे भांडं नव्हे.

मोझेलकाठ: टॉर्चने दिसलं! चेहऱ्याभोवती व्ही, आर, बी, एस, पुढे आर, ओ. कुत्र्याच्या पोटाखाली दोन गाठी. तळाशी टी, आर, एस.

लॅटिनवेडी: 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी. तो राजा नाही, बाई आहे: रोमा, शहराचं देवीरूप. कुत्रा म्हणजे लांडगीण आणि गाठी म्हणजे रोम्युलस-रेमस, रोमच्या जन्मकथेतली, लांडगिणीनं दूध पाजलेली जुळी बाळं. ३३० साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून दोन्ही शहरांच्या नावानं नाणी पाडली. जोडीच्या नाण्यावर विजयदेवता जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी असते. टी-आर म्हणजे ट्रिअर, एस म्हणजे टांकसाळीचा दुसरा विभाग. नाणं तिथलंच आहे!

शिळाप्रेस: ठिपके नव्हेत, तारे. कॅस्टर आणि पोलक्स या पुराणातल्या जुळ्या भावांचे. देनारियस या जुन्या रोमन चांदीच्या नाण्यावर त्यांच्या टोप्यांवर असेच तारे असतात.

लॅटिनवेडी: पण इथे ते दोघे कुठे आहेत? इथली जुळी वेगळी. मला हे पटत नाही.

दुपारचा चहा: कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला होता ना? मग लांडगीण कशी चालली?

लॅटिनवेडी: ती पूजेची देवता नाही, शहराची जन्मकथा आहे. ख्रिस्ती बादशहालाही रोमचा मान हवाच होता.

पंचगंगा: रोमन काळातल्या वस्तू आपल्याकडेही सापडल्यात: कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघालीय. टाउन हॉल संग्रहालयात जरूर बघा.

दुपारचा चहा: विकणार असाल तर कळवा.

मोझेलकाठ: विकायचं नाही. लेकीनं भिंग लावलंय, लांडगिणीनं मान वळवून बाळांकडे पाहिलेलं स्पष्ट दिसतंय म्हणाली. मानेवरच्या रेघा कसल्या, विचारतेय.

लॅटिनवेडी: केस आहेत ते. तिला म्हणावं, तारेही नीट मोज, किती टोकं आहेत ते सांग.