एमएस: गरम पाण्याने अंघोळ केल्यावर पाय जड होतात, हा रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) धरायचा का?

प्रश्न: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण झिजण्याचा आजार) गरम पाण्याच्या अंघोळीनंतर नजर धूसर होते, पाय ओढावे लागतात. तासाभरात सगळं पूर्ववत होतं. रिलॅप्सवर देतात ते स्टेरॉइड घ्यावं लागेल का?

उत्तर १: बहुधा नाही. हा उथॉफ परिणाम, १८९० पासून माहीत असलेला. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलंय, तिथे अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश अडतो. नवी इजा होत नाही. अंग निवलं की संदेश पुन्हा जातो. रिलॅप्स म्हणायला त्रास नवा किंवा वाढलेला हवा, सलग २४ तास तरी टिकायला हवा, आणि ताप किंवा संसर्ग नसावा.

उत्तर २: शेवटची अट फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. एमएसमध्ये मूत्राशय नीट रिकामं होत नाही, त्यामुळे जळजळ नसतानाही लघवीत संसर्ग असू शकतो. म्हणून स्टेरॉइडआधी लघवीची तपासणी करून घ्याच. संसर्ग असताना स्टेरॉइड दिलं तर तो बळावू शकतो.

उत्तर ३: पाणी कोमट ठेवा, बाथरूममध्ये न घसरणारं स्टूल ठेवा. व्यायामाआधी गार पाणी प्या, मानेवर ओला रुमाल ठेवा. त्रास कधी सुरू झाला, कधी थांबला, ताप किती होता, हे लिहून ठेवा. डॉक्टरांना त्यावरून फरक ओळखायला मदत होते. मात्र एका डोळ्याचं दिसणं कमी होऊन डोळा हलवताना दुखत असेल, तर वाट पाहू नका, लगेच दाखवा.