फायबरच्या होडीला भोक न पाडता फिश फाइंडर कसा बसवावा?

आचरा_खाडी

नमस्कार मंडळी. माझी फायबरची १८ फुटी होडी आहे, मागे ९.९ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड. आचऱ्याच्या खाडीत आणि खाडीच्या तोंडाबाहेर खडपांवर गरीने मासे धरतो. बाहेर तांबोशी, गोबरा, आत चोणक. अधूनमधून जाळंही मारतो. भाच्याने पुण्याहून पाच इंची पडद्याचा फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणून दिलाय. सोबत सेन्सर आणि तो होडीच्या मागच्या फळ्याला स्क्रूने मारायची पट्टी आहे.

पण मला होडीला एकही भोक पाडायचं नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एका होडीचा मागचा फळा इंजिनासकट हलायला लागला. कापून बघितला तर आतलं प्लायवूड कुजून हाताने उकरता येत होतं. पाणी शिरलं होतं ते जुन्या, बुजवलेल्या स्क्रूच्या भोकांतून. ते बघितल्यापासून ड्रिल हातात घ्यायला मन होत नाही.

सेन्सर आतून तळाला चिकटवला तरी चालतो असं ऐकलंय, ते खरं का? कशाने चिकटवायचा? बॅटरी कुठली घ्यावी? इंजिन दोरीने ओढून चालू करायचं आहे, होडीत बॅटरीच नाही.

धरणकाठ

मी धरणावर छोट्या होडीतून मासे धरतो. मी एक जाड सागवानी पट्टी घेतली, खालच्या टोकाला सेन्सर लावला आणि पट्टी सुताराच्या शिकंज्याने मागच्या फळ्यावर आवळली. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे फायबरला चरा पडत नाही आणि पट्टी सरकत नाही. घरी जाताना शिकंजा सोडला की सगळं पिशवीत. एकच करा, पट्टीला दोरी बांधून ती होडीला अडकवून ठेवा. शिकंजा ढिला झाला तर सेन्सर तळाला जाईल.

यार्डातला (रत्नागिरी)

दादा, भोक पाडायचं नाही हे तुम्ही ठरवलंत ते शंभर टक्के बरोबर. मी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो आणि आमच्याकडे येणारे निम्मे मागचे फळे असेच गेलेले असतात. वरून पांढरे, चकचकीत, आत भुसा. इंजिनाचं सगळं ओझं त्याच फळ्यावर, त्यामुळे तो सतत थोडा थोडा लवतो. लवला की स्क्रूभोवतीचं सीलंट सुटतं आणि पाणी आत जातं. हे बाहेरून दिसत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा: चांगला फळा टणक वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. तुमचाही एकदा ठोकून घ्या.

आता सेन्सर. आतून चिकटवलेला चालतो, मात्र तळ भरीव फायबरचा हवा. सेन्सरमधला स्फटिक आवाजाचा ठोका खाली सोडतो, तो समुद्राच्या तळाला लागून परत येतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे जायला-यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली काढतं. हा ठोका भरीव फायबरमधून पार होतो, हवेत मात्र अडतो. म्हणून तळात फोम भरलेला असेल किंवा दुहेरी तळ असेल तर काही दिसणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच होड्यांत बाकांखाली आणि फळीखाली फोम असतो. तुम्ही पाणी उपसता ती मागची खोलगट जागा बघा. तिथे बहुतेक नुसतं फायबर असतं, आणि होडी वेगात असली तरी बाहेरून तिथे पाणी लागून राहतं. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तळ उचलला जातो, तिथे लावू नका.

चिकटवायच्या आधी तपासणी करा, ही पायरी कोणीही गाळू नये. एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, पाणी भरा, सेन्सर त्यात बुडवून पिशवी तळाला नीट टेकवा. तळही आधी ओला करा, म्हणजे पिशवी आणि फायबरमध्ये हवा राहत नाही. मग खाडीत उभं राहून पडद्यावरची खोली बघा आणि शिसं बांधलेल्या दोरीने मोजलेल्या खोलीशी ताडा. नंतर सेन्सर होडीबाहेर, थेट पाण्यात धरून तेच करा. दोन्ही आकडे जुळले आणि तळाची रेघ ठळक आली तर जागा चांगली. रेघ फिकी आली किंवा आकडा उड्या मारायला लागला तर सेन्सर वीतभर सरकवून पुन्हा बघा.

जागा ठरली की ८० नंबरच्या कागदाने फायबर घासा, ॲसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या. संथ सुकणारं, दोन नळ्यांचं अराल्डाइट वापरा. झटपट सुकणारं नको, कारण त्यात बुडबुडे वर यायला वेळच मिळत नाही. सिलिकॉन तर अजिबात नको, ते रबरासारखं आवाज गिळतं. मिश्रण सावकाश ढवळा, फेटू नका. तळावर थोडं जास्तच ओता आणि सेन्सर एका बाजूने टेकवत, हलका फिरवत खाली दाबा. कडेने बुडबुडे निघून जाताना दिसतात. वर वजन ठेवून रात्रभर हात लावू नका.

कायमचं नको असेल तर दुसरी रीत. चार इंची पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा तळाच्या उतारानुसार तासून घ्या आणि उभा चिकटवा. त्यात तेल भरून सेन्सर तेलात बुडवून ठेवायचा. या रीतीत सेन्सर सरळ खाली बघतो आणि हवा तेव्हा काढता येतो. तेल म्हणून मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. खोबरेल घरात असतं म्हणून कोणी ते ओततं, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि आपल्याकडे थंडीतल्या पहाटे तेवढा गारवा पडतो. थिजलं की आकसतं, फटीत हवा येते आणि चित्र जातं.

आता मुख्य अडचण. तुमच्या सेन्सरवर डाऊन इमेजिंग किंवा साइड इमेजिंग, म्हणजे खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं बारीक चित्र दाखवायची सोय, आहे का? ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झची ती चित्रं फायबरमधून नीट येत नाहीत. आतून फक्त साधं सोनार, म्हणजे वर सांगितलेला आवाजाचा ठोका, चालवा, ८३ किंवा २०० किलोहर्ट्झ. खडप, चिखल, माशांचा थवा ओळखायला तेवढं पुरतं. फायबरमध्ये थोडी ताकद जाते, म्हणून सेन्सिटिव्हिटी जराशी वाढवा. पाण्याचं तापमान मात्र खरं मानू नका, ते होडीच्या तळाचं असतं.

इमेजिंगच हवं असेल तर वरच्या भावांची पट्टी उत्तम आहे. ती इंजिनाच्या पंख्यापासून निदान दीड फूट लांब लावा. नाळेकडे तोंड करून बसल्यावर पंखा वरून उजवीकडे फिरत असेल, आणि बहुतेक इंजिनांचा तसाच फिरतो, तर पट्टी उजव्या बाजूला. तिथे पाती खाली जातात, बुडबुडे कमी असतात. पण तुम्ही जाळं मारता, आणि इथेच मला काळजी वाटते. मागे लटकणारा सेन्सर जाळं ओढताना हमखास अडकतो. अडकला की आधी जाळं फाटतं, मग केबल जाते. जाळ्याच्या दिवशी पट्टी वर घ्यायची सवय लावा, नाहीतर सेन्सर आतच ठेवा. तुमच्या जागी मी आतच ठेवला असता.

तांबळडेग_वाला

माझी होडी लाकडाची आसा, बापाशीच्या वेळची. सेन्सर आतसून चिकटवलो तर चलात काय? भोक मारूक माझोय जीव होणा नाय.

यार्डातला (रत्नागिरी)

नाही चालणार, भाऊ. लाकडाच्या तंतूंत हवा असते, ठोका तिथेच मरतो. तुम्ही शिकंज्याची पट्टीच करा. वडिलांच्या वेळची होडी आजही पाण्यात आहे हे ऐकून फार बरं वाटलं, तिला भोक नकोच.

आचरा_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ओहोटी थांबल्यावर पिशवी घेऊन बसलो. पाणी उपसायच्या जागी तळाची रेघ अगदी ठळक आली. शिसं टाकून ४ वाव भरलं, पडद्यावर २४ फूट आणि काही इंच. दोन बाकांच्या मधे मात्र नुसता कचरा दिसला, तिथे फोम असणार. माझ्या सेन्सरवर डाऊन इमेजिंग आहे, पण जाळ्याचं वाचून मी साध्या सोनारवरच समाधान मानतो. फळाही ठोकून बघितला, सगळीकडे टणक आहे.

दोन शंका राहिल्या. केबल फार लांब आहे, कापून जोडू का? आणि बॅटरीचं सांगा.

यार्डातला (रत्नागिरी)

फळा टणक आहे हे वाचून जिवाला शांती मिळाली.

केबल कापू नका. जोडावर खारं पाणी लागलं की सिग्नल खराब होतो. उरलेली केबल आठाच्या आकारात गुंडाळून बाकाखाली बांधा आणि इंजिनाच्या वायरींपासून दूर ठेवा. कडेने नेताना चिकट पाठीच्या क्लिपा लावा, तिथेही स्क्रू नको. पडद्याचा स्टँड बाकाच्या फळीला शिकंज्याने धरता येतो, किंवा एका लाकडी ठोकळ्यावर बसवून ठोकळा बाकाला दोरीने बांधा.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, सीलबंद, यूपीएसमध्ये असते ती. असा पडदा साधारण अर्धा-पाऊण अँपिअर खातो, म्हणजे पहाटे निघून दुपारी परत येईपर्यंत पुरेल. उजेड कमी ठेवला तर आणखी चालेल, पण ती पूर्ण संपवू नका आणि घरी आल्या आल्या चार्जिंगला लावा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तांबड्या वायरवर ३ अँपिअरचा फ्यूज टाका, टोकांना व्हॅसलीन लावा.

आणि मेनूत खोलीच्या मापात 'फॅदम' असेल, तो निवडा. एक फॅदम ६ फुटांचा, म्हणजे आपला एक वाव. दोरीवर मोजता त्याच आकड्यात पडदा बोलायला लागेल आणि खडपाच्या जुन्या खुणा तुम्हाला मनात बदलून घ्याव्या लागणार नाहीत.