इरॉटिक कादंबरीला मराठीत काय म्हणाल? (आईसमोर म्हणता येईल असं)

सध्या मेट्रोत जातायेता एक इंग्रजी कादंबरी वाचतेय. न्यूयॉर्कमधली कंपनी, नायिका हिशेब तपासायला आलेली आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच प्रेमात पडलेली, म्हणजे प्रेमात नंतर, आधी बरंच काय काय. नाव सांगत नाही. परवा नळ स्टॉपला चढले तेव्हा दोघं रात्री साडेदहाला रिकाम्या ऑफिसात एकाच फायलीवर वाकलेले, तो तिच्या मनगटावरची शाईची रेघ अंगठ्याने पुसतोय आणि तेवढ्यात समोरच्या केबिनमधला दिवा लागतो. कल्याणीनगर कधी गेलं कळलंच नाही, रामवाडीला उतरून उलट आले.

घरी आईने विचारलं, कसलं गं पुस्तक एवढं? आणि माझी बोबडी वळली. 'शृंगारिक' म्हटलं की एकतर लावणी नाहीतर कॉलेजातला रसांचा तास. 'कामुक' म्हणजे पेपरातली बातमी. 'अश्लील' म्हटलं की लगेच पोलीस. (खरं तर तो शब्द अ-श्रील, म्हणजे श्री नसलेलं, शोभा नसलेलं, 'र'चा 'ल' झालाय. त्या हिशोबाने चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स जास्त अश्लील आहेत.) 'चावट' माझा लाडका शब्द, पण चावटपणात हसू असतं आणि या पुस्तकात कोणी हसत नाही हो, श्वास अडकतो. 'आंबटशौकीन' हे कायम कोणीतरी काका असतात, आंबटशौकीन बाई मी तरी ऐकलेली नाही.

बरं, 'रहस्यकथा' पण म्हणता येत नाही. पैसे कोण खातंय हे वाचणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणातच कळतं, फक्त तिला माहीत नसतं. शेवटी आईला म्हटलं, ऑफिसवरची आहे. सुचवा काहीतरी.

—

'प्रौढांसाठी' लिहा, विषय संपला.

—

प्रौढांसाठी तर गुडघेदुखीवरचं पुस्तकही असतं.

—

ताई, शब्द तुमच्या घरातच आहे. उत्कंठा! आपण तो मॅचच्या शेवटच्या ओव्हरला आणि निवडणुकीच्या निकालाला वापरून पार झिजवलाय, पण फोड बघा, उत् आणि कंठ, मान उंचावून वाट बघणं. सस्पेन्स तर झालाच. पण जुन्या काव्यात ही मान कोण उंचावतं? नायिका! भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका आहेत त्यातली एक विरहोत्कंठिता. तिचा प्रियकर का येत नाही माहितीये? श्लोकाची सुरुवातच 'अनेककार्यव्यासंगात्' अशी आहे. कामात अडकलाय म्हणून. हिंजवडीतून वेळेवर न सुटणारे तेव्हाही होतेच म्हणायचे.

म्हणजे ओढ आणि धाकधूक यांना एकच शब्द होता आणि त्यातली ओढ आपण काढून टाकली. 'उत्कंठावर्धक' लिहा, आईला मॅच वाटेल, तुम्हाला कळेल.

—

हे भारीच! मग मला पण चेव आला आणि 'कारस्थान' शोधत बसले, कारण पुस्तकात नुसतं ऑफिसचं राजकारण नाहीये, रीतसर डाव आहे. मला आजवर ते संस्कृत वाटायचं, स्थान आहे ना त्यात. तर ते फारसी 'कारिस्तान' निघालं. कार म्हणजे काम, स्तान म्हणजे जागा, म्हणजे सरळ सरळ कामाची जागा! शिवाय तिथे केलेले उद्योग हाही अर्थ. आपल्याकडे येताना जागा गळाली आणि उद्योग तेवढे राहिले. ज्याने हा शब्द रुळवला तो नक्की कुठल्यातरी कचेरीत कारकून असणार, असं मला उगाच वाटतं.

आणि 'कादंबरी' तर बाणभट्टाच्या प्रेमकथेतल्या नायिकेचं नाव, म्हणजे रोमान्स वेगळा लिहायची गरजच नाही. 'उत्कंठा आणि कारस्थानाची कादंबरी'. आईला आज सांगितलं. ती म्हणाली, ऐतिहासिक आहे का?

—

शब्द मिळाला पण खरी पंचाईत पुढे आहे. ही कादंबरी मराठीत आणायची तर 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या पानावर करायचं? इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच एक सर्वनाम. आपल्याकडे तो साहेब, ती तपासायला आलेली बाहेरची बाई, दोघं एकमेकांना अहोजाहो करणार. माझ्या मते ती शाईची रेघ पुसताना तो म्हणतो, "तुम्ही घरी जा आता", मग दिवा लागतो आणि तो दबक्या आवाजात म्हणतो, "तू हलू नकोस." त्या पानावर याहून जास्त काही लिहायची गरज नाही.

—

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. पण आमच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, अगदी डायरेक्टरलासुद्धा. आमच्यासारख्यांनी काय करायचं?