जुन्या फायली, बंद पडलेली सॉफ्टवेअरं आणि आपण कोल्हापूरकर (अनुभव लिहा)

खिळेजोड

माळा आवरताना सीडींची चवड हाताला लागली. वर स्केचपेननं ‘स्मरणिका फायनल’, ‘स्मरणिका फायनल २’, ‘खरी फायनल’. ज्यांनी राजारामपुरी-लक्ष्मीपुरीत डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावायचं काम) केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. म्हणून धागा काढतोय. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरातला माल बाहेर कसा काढायचा, काय केलं की काय बिघडतं, कुठल्या कंपनीनं लोकांना कसं लटकवलं, सगळं लिहा. ‘माझं असं झालं’ पेक्षा ‘असं करा’ लिहिलंत तर कामाला येईल.

सीडीपासून सुरू करतो. पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेघेत. गोल गोल पुसली की ओरखडा डेटाच्या रेघेवरच लांबवर बसतो आणि सलग तुकडा जातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बऱ्यापैकी भरून काढतो. एका ड्राइव्हला न वाचणारी सीडी दुसऱ्याला सहज वाचते, तेव्हा लगेच कचऱ्यात टाकू नका. फायली एकेक ओढत बसण्यापेक्षा लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमनं पूर्ण इमेज (अख्ख्या सीडीची जशीच्या तशी एक फाईल) घ्या. तो पहिल्या फेरीत धड भाग उचलतो आणि खराब जागी नंतर परत परत जातो.

आता पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. आल्डसनं १९८५ साली आणलं, १९९४ मध्ये अ‍ॅडोबीनं आल्डसच विकत घेतली, २००१ च्या ७.० नंतर पुढची आवृत्ती नाही. अ‍ॅडोबीचंच नंतरचं इनडिझाइन सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडायचं. महिन्याच्या भाड्याची सीसी आवृत्ती आली, ते दार बंद. म्हणजे दरमहा भाडं भरणाऱ्याला स्वतःची जुनी फाईल उघडत नाही, आणि फुकटचं लिब्रेऑफिस ती ड्रॉमध्ये उघडून दाखवतं! मांडणी ढासळते, चौकटी इकडंतिकडं जातात, पण मजकूर हाताला लागतो. मांडणीसकट हवं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर ७. त्या एक्सपीला ५१२ एमबी रॅम पुरते. नेटवर्क मात्र बंद ठेवा, एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेत.

पेठकर

‘खरी फायनल’ नंतर ‘खरी फायनल आबांनी बघितलेली’ असणारच. नीट शोधा.

डीटीपीवाली मावशी

कुकर लावलाय, शिट्टी होईपर्यंत लिहिते.

फाईल उघडली म्हणजे काम झालं असं समजू नका, खरा घोळ फॉन्टचा. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ह्या सगळ्यांत इंग्रजी अक्षरांच्याच खणात मराठी चित्रं बसवलेली. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. आणि प्रत्येकाची खणवाटणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीचा मजकूर शिवाजीचं युनिकोड (आजची सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) करणाऱ्या कन्व्हर्टरात टाकला की भजं होतं.

कृतिदेवचं उदाहरण घ्या. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, डी म्हणजे क. ‘कि’ लिहायला आधी एफ, मग डी, कारण वेलांटी डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. कृतिदेवमध्ये ‘धर्म’ मधला रफार झेड दाबून म नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी आणि म मागून. म्हणून नुसतं शोधा-बदला करून चालत नाही. वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला लावावी लागते (‘स्थिती’ करून बघा) आणि रफाराला मागं ओढावं लागतं. कन्व्हर्टर चांगला की टुकार हे एका शब्दात कळतं: कार्तिकी. वेलांटी, रफार आणि जोडाक्षर एकाच ठिकाणी. तो जमला की मग ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ट्रॅक्टर’, ‘दृष्टी’ तपासा.

आणखी एक. मजकुरात मधेच इंग्रजी असेल (जीएसटी, बी.कॉम.) तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून मोकळा होतो. वर्डमध्ये शोधाच्या प्रगत खिडकीत फॉन्टचं नाव टाकून फक्त मराठी फॉन्टचे तुकडे निवडा आणि तेवढेच बदला. पेजमेकरात मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल+ए मारलं की पानोपानी पसरलेली ती स्टोरी एकदम निवडली जाते. पान-पान कॉपी करू नका, कुठलं तरी गळतंच.

झाली शिट्टी.

उद्यमनगरी

मावशी, ऱ्य टायपायला कसं बसवायचं? फोनवर येतं, कॉम्प्युटरवर ‘दर्या’ च उमटतं.

पेठकर

@उद्यमनगरी इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट+जे म्हणजे ऱ. मग डी (हलंत), मग य ची कळ, म्हणजे उजवीकडची तिरकी रेघ. झालं ‘ऱ्य’. काही ठिकाणी साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक घालूनही तेच चित्र येतं. दिसतं सारखं, आतून वेगळं. म्हणून शोधताना ‘दऱ्या’ सापडत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. मोठं पुस्तक असेल तर सुरुवातीलाच एक पद्धत ठरवून सगळीकडं तीच करून घ्या.

आणि मंडळी, ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात लोकांनी अ वर चंद्र चिकटवलाय. तोही शोधात फसवतो.

शिरोली_दुसरी_पाळी

डीटीपीवाल्यांचं झालं असेल तर आमच्याकडं बघा की जरा. शिरोली, गोकुळ शिरगावात कितीतरी सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी कारखान्यातली मशीनं) अजून आरएस-२३२ च्या म्हणजे जुन्या सीरियल पोर्टच्या वायरीवर चालतात. लॅपटॉपला तो पोर्टच राहिला नाही, म्हणून सगळे यूएसबीचं अडाप्टर घेतात. आणि तिथं कंपन्यांचा खेळ. प्रोलिफिकची २३०३ चिप जुनी किंवा नकली असली तर विंडोज ११ वर डिव्हाइस मॅनेजरात चक्क ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याला विचारा’ अशा अर्थाची ओळ येते. जुना ड्रायव्हर हातानं निवडला की बऱ्याचदा चालतं, पण विंडोज अपडेट गुपचूप परत नवा आणून बसवतो. एफटीडीआयनं तर २०१४ ला ड्रायव्हरमधून नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला होता. अडाप्टर जाग्यावर पलटी. आरडाओरड झाल्यावर मागं घेतलं. नकली माल बनवणारा दोषी हे मान्य, पण मार बसला वापरणाऱ्याला. त्याला काय ठाऊक आत कुठली चिप हाय.

वायर: मशीनकडं २५ पिना, लॅपटॉपकडं ९. २ ला २, ३ ला ३, ७ ला ५. इथंच लोक चुकतात. दोन्हीकडं ९ पिना असतील तर २-३ उलटसुलट करायचे, २५ ते ९ मध्ये सरळ, कारण २५ वाल्यात २ नंबर पाठवायचा असतो आणि ९ वाल्यात घ्यायचा. मशीनच्या बाजूला ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र जोडा. बॉड (पाठवायचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट ही सेटिंगं मशीनच्या पॅरामीटरात असतील तेच लॅपटॉपात, अंदाजानं नाही. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आणि शेवटी % हवाच, नाहीतर मशीन गप बसतं. वायर लावताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. अर्थिंगमध्ये फरक असला की पोर्ट उडतो, आणि लॅपटॉपाचा उडाला तर नशीब म्हणायचं.

मशीनचा कंट्रोल फॅनक कंपनीचा असून त्याला कार्डाची खोबण असेल तर ही सगळी कटकट सोडा, पॅरामीटर २० मध्ये ४ टाका आणि कार्डावरून घ्या.

आणि बॅटरी! स्क्रीनवर ‘बॅट’ लुकलुकायला लागलं की कंट्रोलची बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची. बंद करून बदलली की पॅरामीटर आणि प्रोग्रॅम सगळं साफ. त्याआधी सगळे पॅरामीटर कार्डावर काढून ठेवा.

पेठकर

दुसरी पाळी सुटली वाटतं, एवढं लांब लिहिलंय 😀

शिरोली_दुसरी_पाळी

जेवणाची सुट्टी हाय. डबा उघडा तसाच पडलाय.

ताराराणी_चौक

जरा विषयाला सोडून. चौथ्या पिढीचा आय-३ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. विंडोज १० बंद झालं म्हणतात. दुकानदार नवा घ्या म्हणतोय. काय करावं?

बारा_व्होल्ट

@ताराराणी_चौक दुकानदार त्याचं काम करतोय 😀

विंडोज १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापराला एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपास. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा त्यात बसत नाही. आडमार्गानं बसवणारे आहेत, पण पुढचा मोठा अपडेट नाकारला गेला की परत पहिल्यापासून.

खरी कात हार्डडिस्क बदलली की टाकेल. अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क), ७ मिलिमीटर जाडीची. २५६ जीबी पुरते. त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट २२, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून तीन गोष्टी बघा: वायफाय, प्रिंटर, आणि झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का. तिन्ही जमलं तरच बसवा. टॅली वापरत असाल किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल तर मात्र थांबा. टॅली विंडोजचंच आहे, आणि टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा.

विंडोज ११ वाल्यांनाही एक सांगतो. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, कुणी विचारतही नाही. बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला की ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या पानावर असते. आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा. खातं कुणाच्या ईमेलनं काढलं होतं हेच आठवत नसेल तर डेटाला हात जोडा.

डीटीपीवाली मावशी

बारा व्होल्ट, यूपीएसचं पण सांगा. वीज गेली की पाच मिनिटंही तग धरत नाही. बॅटरी दोन वर्षांची.

बारा_व्होल्ट

मावशी, लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का?

डीटीपीवाली मावशी

हो की.

बारा_व्होल्ट

आधी तो काढा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट. लेझरच्या आतला तापणारा रूळ प्रत्येक वेळी ५०० च्या वर खेचतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच असते. भरल्यावर मीटरवर पावणेतेरा दाखवते म्हणून चांगली समजू नका. भार टाकून बघा, लगेच साडेदहाच्या खाली आली तर संपली. बदलताना लाल-काळी उलटी लावू नका, फ्यूज नाही, बोर्डच जातो.

पूररेषा

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या तळमजलावाल्यांसाठी, कारण हे दर पावसाळ्यात लागतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. ३९ ची बातमी आली की सीपीयू आणि यूपीएस वर. ४३ ला उचलायला लागलात तर टेबलं तरंगतात, २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

भिजलीच हार्डडिस्क तर: करंट देऊ नका. ‘चालतीय का बघू’ हाच घात. झाकणावर हवेचं बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि डिस्क फिरायला लागली की आतलं वाचणारं डोकं तबकडी खरवडतं. ड्रायर नको, उन्हात नको, तांदळात तर नकोच. ओलीच पिशवीत घालून तोंड बंद करून डेटा काढणाऱ्याकडं द्या. वाळली की गाळ आत घट्ट बसतो. एसएसडी, पेनड्राइव्हला एवढी भीती नाही. चिखल स्वच्छ पाण्यानं काढून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुऊन, दोन-तीन दिवस वाळवून मग लावा.

उद्यमनगरी

तांदळाचं कुणी काढलं कुणास ठाऊक. तांदूळ भिजतो, डिस्क तशीच.

फ्लेक्सनगर

सगळ्यांना हात जोडून विनंती. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की दाबून बारीक होतो, आणि मग दादांचा चेहरा १० बाय २० फुटांवर चौकोनी येतो, शिव्या आम्हाला. खऱ्या मापाला इंचाला ७२ ठिपके पुरतात, म्हणजे १० बाय २० ला ८६४० बाय १७२८०. कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाईल देताना सगळा मजकूर निवडून कंट्रोल+क्यू (अक्षरांच्या रेघा होतात), नाहीतर आमच्याकडं तो फॉन्ट नसला की ‘हार्दिक शुभेच्छा’ चं इंग्रजी भजं.

पण कंट्रोल+क्यू केलेली फाईल वेगळ्या नावानं ठेवा. एकदा रेघा झाल्या की परत अक्षर होत नाही. पुढच्या वर्षी वय बदलायचं असतं!

पेठकर

वय कोण बदलतंय, फोटो तोच असतो.

खिळेजोड

मावशी, कन्व्हर्टर लावून बघितला. ‘कार्तिकी’ बरोबर आलं, ‘ऱ्हास’ चा ‘र्हास’ झाला. तेवढं हातानं दुरुस्त करतो. पण सीडीवर जाहिरातींच्या पानांची फाईल कोरल ९ ची निघाली आणि मजकूर आधीच कंट्रोल+क्यू केलेला. त्यातून अक्षरं परत मिळायचा काही मार्ग?

डीटीपीवाली मावशी

नाही. इंचाला तीनशे ठिपक्यांच्या रिझोल्यूशननं चित्र काढा, गूगल ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी बरं ओळखतं. दोन रकाने असतील तर आधी कापून वेगळे करा, नाहीतर ओळी एकमेकांत मिसळतात. आणि फोन नंबर एकेक आकडा डोळ्यानं तपासा, ३ आणि ८ वर विश्वास ठेवू नका.

शिरोली_दुसरी_पाळी

२००३ च्या जाहिरातीतले फोन नंबर कशाला तपासताय, लँडलाईन हायत ते.