गाझाचा पोलीस : नागरिक की लढवय्या?

सांजवात

गेल्या रविवारी जेवताना गाझातल्या पोलिसांवरून घरात वाद झाला. भावजी म्हणाले, "जो हमासचा पगार खातो तो हमासचाच. त्याला पोलीस कशाला म्हणायचं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर आठवडाभर वाचत बसले, आणि आता माझं मत पक्कं झालंय. ते इथे मांडते, तुम्ही ठोकून बघा.

२७ डिसेंबर २००८. गाझा शहराच्या पोलीस मुख्यालयात नव्या पोलिसांचा दीक्षान्त सोहळा चालू असताना इस्रायली विमानांनी बॉम्ब टाकले. पोलीसप्रमुख तौफिक जाबर तिथेच मेले. हे गृहस्थ मूळचे जुन्या, फतहच्या (हमासचा प्रतिस्पर्धी पॅलेस्टिनी पक्ष) काळातल्या पोलिसातले. सत्ता हमासकडे गेल्यावरही कामावर राहिले. त्या तीन आठवड्यांच्या युद्धात सुमारे २४० पोलीस मारले गेले, असं संयुक्त राष्ट्रांच्या गोल्डस्टन समितीचा अहवाल सांगतो.

आता २०२४ बघा. फेब्रुवारीत अमेरिकेचेच दूत डेव्हिड सॅटरफिल्ड उघड बोलले की मदतीच्या ट्रकांना संरक्षण देणारे पोलीस इस्रायली हल्ल्यांत मारले गेल्यामुळे बाकीच्यांनी बंदोबस्त सोडला, आणि आता गुन्हेगारी टोळ्यांमुळे ट्रक नेणं जवळजवळ अशक्य झालंय. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका ताफ्यातल्या १०९ ट्रकांपैकी शंभराच्या आसपास ट्रक लुटले गेले. पिठाचं पोतं शंभर-दोनशे डॉलरला विकलं जात होतं, तेव्हा ते न परवडणारी बाई हमासची होती की फतहची, याने काय फरक पडतो? पोलीस मारला आणि त्याच्या जागी टोळी आली. माझ्या मते तो हवालदार नागरिकच होता.

रोखठोक

सांजवातताई, तळमळ पोहोचली, पण असहमत.

गाझात 'पोलीस' कसा जन्मला ते बघा. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. तरी सुरक्षा दलं फतहचे पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्या हातात राहिली, म्हणून हमासच्या गृहमंत्र्यांनी 'कार्यकारी दल' नावाची स्वतःची फौज उभी केली. त्यात भरणा कोणाचा? बराचसा अल्-कस्साम ब्रिगेडच्या, म्हणजे हमासच्या लष्करी शाखेच्या, माणसांचा. जून २००७ मध्ये याच दलाने कस्सामच्या खांद्याला खांदा लावून गाझा काबीज केलं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या माणसांना उंच इमारतींवरून खाली फेकलं. मग हेच दल पोलिसांत विलीन झालं. गणवेश बदलल्याने माणूस बदलतो का?

आणि २०२५ चा ऑक्टोबर आठवा. शस्त्रसंधीला आठवडासुद्धा झाला नव्हता. गाझा शहरात भर चौकात, लोकांसमोर, डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या माणसांना गुडघ्यावर बसवून गोळ्या घातल्या. ना फिर्याद, ना पंचनामा, ना न्यायाधीश. ज्या सत्तेला चौकात गोळ्या घालणं हीच सुव्यवस्था वाटते, तिच्या पोलिसाला मी नागरिक म्हणणार नाही.

माजी फौजदार

मी गडचिरोलीत चार वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो.

आमच्याकडे सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान कमांडोसारखे जंगलात उतरतात. तेही पोलीसच. पण त्याच जिल्ह्यात ठाणे अंमलदार बैल चोरीला गेल्याची तक्रार लिहून घेतो, जन्मदाखल्यासाठी आलेल्या माणसाला तहसीलची वाट दाखवतो. तोही पोलीसच. नक्षलवाद्यांना हा फरक दिसत नाही, किंवा बघायचा नसतो. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने आमचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. ते लढायला निघाले नव्हते. आदल्या रात्री रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, त्या ठिकाणी जात होते.

तेव्हा आपण सगळे म्हणालो की कर्तव्यावरच्या पोलिसांना मारलं. मग गाझात ट्रकपुढे चालणाऱ्या शिपायाला मी वेगळा नियम कसा लावू? माणूस त्या दिवशी, त्या वेळी काय करत होता, ते बघा.

रोखठोक

साहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहेच. पण गडचिरोलीचा शिपाई संविधानाची शपथ घेतो, त्याच्यावर न्यायालय आहे, विधिमंडळ आहे. त्याने चुकीचं केलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. गाझातल्या माणसाने तक्रार कुठे करायची? तुलनाच चुकतेय.

माजी फौजदार

उत्तरदायी नसलेला पोलीस वाईट पोलीस असतो. तेवढ्याने तो सैनिक होत नाही. वाईट पोलीस मी आपल्याकडेही पाहिलेत.

काळा कोट

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळताहेत.

युद्धाच्या कायद्यात पोलीस हा मुळात नागरिक. दोन वाटांनी तो ते संरक्षण गमावतो. एक, सत्तेने त्याला सशस्त्र दलात सामील केलं तर. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात असंही आहे की असं सामील केल्यास समोरच्या पक्षाला कळवावं लागतं. इस्रायल त्या कराराचा पक्षकार नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुसरी वाट म्हणजे तो स्वतः लढाईत उतरला तर, आणि तेही तो लढत असेल तोवरच. शंका असेल तेव्हा माणूस नागरिक धरायचा, हा त्याच करारातला नियम.

गोल्डस्टन समितीने रोखठोक यांचा मुद्दा टाळलेला नाही. काही पोलीस एकाच वेळी सशस्त्र गटांचेही सदस्य असू शकतात, हे तिने मान्य केलं. पण संपूर्ण पोलीस दल ही नागरी यंत्रणा आहे आणि २७ डिसेंबरच्या सकाळी मारले गेलेले लोक लढाईत भाग घेत नव्हते, असा निष्कर्ष काढला. इस्रायलने तो फेटाळला. त्यांच्या मते ते दल हमासच्या लष्करी यंत्रणेचाच भाग होतं. म्हणजे खरा वाद पुराव्याचा आहे. आणि तो माणसागणिक द्यावा लागतो, गणवेशाकडे बोट दाखवून भागत नाही. माझं मत सांजवात यांच्या बाजूने, पण 'पोलीस म्हणजे नागरिकच' इतकं सरसकट नाही.

मुशाफिर

मी अम्मानमध्ये नोकरी करतो. हाताखालचे निम्मे लोक पॅलेस्टिनी. तुम्ही सगळे गाझावर अडकलात, म्हणून जरा पलीकडे नेतो.

इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारांनी पश्चिम किनाऱ्याचे (वेस्ट बँक, गाझाहून वेगळा पॅलेस्टिनी प्रदेश) तीन तुकडे केले. 'अ' भाग साधारण १८ टक्के, तिथे पॅलेस्टिनी पोलीस. 'ब' सुमारे २२ टक्के, तिथे सुव्यवस्था पॅलेस्टिनींची पण सुरक्षेचा अंतिम शब्द इस्रायलचा. उरलेला ६० टक्के 'क' भाग पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. आपल्याकडे दोन ठाण्यांत हद्दीचा वाद होऊन प्रेत रस्त्यावर पडून राहिल्याच्या बातम्या येतात ना? तिथे हे रोजचं आहे. गावातून गावात आरोपी पकडायला जायचं तर वाटेत 'क' भाग लागतो आणि इस्रायली लष्कराची परवानगी येईपर्यंत आरोपी पसार.

सर्वांत वाईट गत कफर अकबची. कागदोपत्री ते जेरुसलेम पालिकेत, पण इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे. इस्रायली पोलीस तिथे क्वचित फिरकतात आणि पॅलेस्टिनी पोलिसांना जायची मुभा नाही. माझा एक सहकारी तिथलाच. त्याच्या इमारतीत गोळीबार झाला तेव्हा फोन कोणाला करायचा, हेच घरात कोणाला ठरवता येईना. शेवटी दोन खानदानांतल्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं.

आणि गाझातलं अर्धवट सांगितलं जातं ते असं. जून २००७ नंतर अब्बास सरकारने गाझातल्या आपल्या हजारो पोलिसांना घरी बसायचा आदेश दिला. कामावर गेलात तर पगार बंद, घरी बसलात तर पगार चालू! ओस्लोनंतर परदेशांच्या मदतीने तयार केलेले लोक असे वर्षानुवर्षं घरी बसवून ठेवले. मैदान मोकळं मिळाल्यावर हमासने आपली माणसं भरली नसती तरच नवल. जाबर यांच्यासारखे जे कामावर राहिले त्यांना एका बाजूने गद्दार ठरवलं आणि दुसऱ्या बाजूने बॉम्ब टाकला.

रामल्लाची, म्हणजे अब्बास सरकारची, बाजूही स्वच्छ नाही. जून २०२१ मध्ये सरकारवर टीका करणारे निझार बनात यांना हेब्रॉनमध्ये पहाटे घरातून उचललं आणि ते मारहाणीत मेले. त्या दलाला युरोप-अमेरिकेचं पाठबळ होतं.

रोखठोक

पगाराची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून वाईट वाटलं. त्याने माझा एक मुद्दा कमजोर होतो, हे मान्य.

पण मग पुढे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने २८०३ क्रमांकाचा ठराव केला. गाझात आंतरराष्ट्रीय दल येणार आणि त्याच्या सोबतीला पारखून निवडलेले, नव्याने प्रशिक्षण दिलेले पॅलेस्टिनी पोलीस असणार. मला हे योग्य वाटतं. हमासच्या काळात ज्याने हुकूम पाळले त्याला परत गणवेश नको.

सांजवात

दादा, पारखायचं कशावरून, हेच तर मी विचारतेय. २००७ नंतर पगार घेतला तो बाद, असं ठरवलं तर १८ वर्षं गाझात वाहतूक सांभाळणारा, अपघाताची नोंद करणारा, नवऱ्याने मारलेल्या बाईची तक्रार घेणारा प्रत्येक माणूस बाद. उरतील ते घरी बसवलेले, जे आता पन्नाशी-साठीचे आहेत, किंवा कालची नवी पोरं, ज्यांना गल्ली माहीत नाही आणि गल्लीला ती माहीत नाहीत.

आणि इस्रायलने शोधलेला पर्याय आपण पाहिलाच. जून २०२५ मध्ये नेतन्याहूंनी स्वतः कबूल केलं की हमासविरोधी टोळ्यांना हाताशी धरलंय. त्यातल्या रफाहच्या अबू शबाबच्या टोळीवर मदतीचे ट्रक लुटल्याचा आरोप होता. हमासचा म्हणून शिपायाला मारायचं आणि त्याच्या बदली त्यांना आणायचं?

माजी फौजदार

कोणतंही ठाणे आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उभं असतं. तपास, गुप्तवार्ता आणि कोठडी सांभाळणाऱ्यांची कसून चौकशी करा, मारहाण केली असेल त्यांना न्यायालयात न्या. पण नोंद लिहिणारा आणि चौकात उभा राहणारा पहिल्या दिवसापासून लागतो. जानेवारी २०२५ ची शस्त्रसंधी झाली तेव्हा काही तासांत हेच पोलीस रस्त्यावर आले आणि ट्रकांची लूट झपाट्याने कमी झाली. आठवत असेल.

रोखठोक

आठवतं. ठीक आहे, वाहतूक आणि नोंदणीपुरतं मी तुमचं ऐकतो, त्यांना ठेवा. तपास आणि कोठडीवरचे मात्र एकूण एक बाहेर, आणि चौकातल्या त्या गोळ्यांचा हिशेब आधी. ज्यांनी त्या झाडल्या त्यांची नावं गाझातल्या लोकांना ठाऊक आहेत. ती नोंद घेणारं ठाणे उभं राहीपर्यंत मी यापुढे सरकणार नाही.