मदत हवी आहे: मराठी टायपिंग आणि मुलीच्या डिप्लोमासाठी घरचा कॉम्प्युटर, बजेट ४० हजार

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी. घरी नवा कॉम्प्युटर घ्यायचा आहे आणि काही केल्या निर्णय होत नाहीये. बजेट ४० हजार. त्यात मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड, माऊस सगळं बसायला हवं. ओढूनताणून हजार-दोन हजार वर जाता येईल, त्यापुढे नाही.

वापरणार आम्ही दोघी. मी घरून मराठी टायपिंगची आणि मांडणीची कामं करते. स्मरणिका, लग्नपत्रिका, वकिलांचे दस्त, कधी एखाद्या दिवाळी अंकाचे लेख. अर्धं काम युनिकोडमध्ये असतं, अर्धं अजून श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) यांत, कारण मी ज्यांच्याकडे देते ते छापखाने तीच फाइल मागतात. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या जावा, पायथन, मायएसक्यूएल चालू आहे, पुढच्या वर्षी अँड्रॉइड अ‍ॅपचा प्रोजेक्ट करायचा म्हणते. गेम कोणी खेळत नाही.

आत्ताचं मशीन तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचं आहे, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही.

समोर तीन पर्याय आहेत. एक, ऑनलाइन दिसलेला 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटरसह २२ हजार, एकदम नवा'. दोन, गावातला दुकानदार आय-थ्री १२१००, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी असा जोडून देतो, मॉनिटर सोडून ३२ हजार. तीन, मुंबईचा एक विक्रेता ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड मशीन देतो, आय-फाइव्ह ८५००, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११ सकट १९ हजार, एक वर्षाची वॉरंटी.

पहिला पर्याय कागदावर सगळ्यात भारी दिसतो, म्हणूनच शंका येते. शिवाय आमच्याकडे वीज सारखी जाते-येते, पावसाळ्याआधी विजा पडतात. विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून पैसे वाचवावेत का, हेही सांगा. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, चुकीच्या वस्तूत पैसे अडकायला नकोत.

सर्किटवाला:

ताई, पहिला पर्याय आजच सोडून द्या. त्या जाहिरातीत आय-सेव्हनच्या पुढचा आकडा दिलाय का पाहा. बहुतेक नसेल, किंवा २६०० नाहीतर ३७७० असेल. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा प्रोसेसर. तुमचं आत्ताचं मशीन ज्या पिढीचं, त्याच पिढीचा हा थोरला भाऊ. कॅबिनेट नवं, मदरबोर्ड कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा नवा, आत प्रोसेसर आणि डीडीआर-३ रॅम जुनी. त्यावर विंडोज ११ दिसलं तरी ते तपासणीला बगल देऊन टाकलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते.

पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे पिढीचे. म्हणजे १२१०० ही बारावी पिढी, जानेवारी २०२२ ची. त्या जुन्या आय-सेव्हनचे चार कोअर आणि या आय-थ्रीचेही चारच, पण नव्यातला एकेक कोअर कितीतरी जलद चालतो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही तुलना एकाच पिढीत करायची.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला. नवा माल, भागांवर कंपनीची वॉरंटी, दुकानदार गावातला. फक्त दोन गोष्टी त्याला विचारा. प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' नाही ना? १२१००एफ मध्ये ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड घ्यावं लागेल. आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कुठला? कॅबिनेटसोबत येणारा हलका डबा नको. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा घ्यायला लावा. एसएमपीएस वाईट निघाला तर जाताना बोर्डही घेऊन जातो.

खिळेजुळारी:

सर्किटवाल्यांचं पहिल्या पर्यायाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण दुसऱ्याचा हिशेब बजेटमध्ये बसत नाही हो. ३२ हजारांत मॉनिटर नाही, यूपीएस नाही आणि रॅम फक्त ८ जीबी. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल ओढलाय. 'नंतर वाढवू' म्हणून आज ८ जीबीवर थांबणं परवडणारं नाही. अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (स्क्रीनवरच चालणारा नकली फोन) चालवायचा तर १६ जीबी लागतेच.

ताई दिवसभर स्क्रीनसमोर बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासणार. त्यांच्यासाठी प्रोसेसरपेक्षा मॉनिटर महत्त्वाचा. २४ इंची, आयपीएस पॅनेल, फुल एचडी असा नवाच घ्या. जुन्या मशीनसोबत फुकट मिळणारा पिवळट मॉनिटर घेऊ नका, डोळे तुमचे आहेत. मी स्वतः मुद्रितशोधन करतो, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतोय.

तेव्हा तिसरा पर्याय: १९ हजार मशीन, साधारण आठ-नऊ हजार मॉनिटर, तीनेक हजार यूपीएस, हजारभर कीबोर्ड-माऊस, आणि उरलेल्यात बॅकअपसाठी १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क. ही डिस्क चैन समजू नका, लोकांची हस्तलिखितं तुमच्या ताब्यात असतात.

सर्किटवाला:

रॅमचा मुद्दा मान्य. पण आठवी पिढी ही यादीतली अगदी काठावरची आहे. पुढच्या विंडोजने अट एक पायरी वर नेली की ताईंना पुन्हा आजचाच प्रश्न. त्याच विक्रेत्याकडे दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह १०५०० असलेलं मशीन आहे का विचारा. सहा कोअर, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळतो. दोन-तीन हजार जास्त पडले तर द्या, ८५०० मध्ये सहा कोअर असले तरी थ्रेडही सहाच आहेत.

एक लक्षात ठेवा, या ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो. बिघडला तर गावात मिळेल असं नाही. म्हणून वॉरंटीत एसएमपीएस येतो का, हे लेखी घ्या.

वाशिष्ठीकाठ:

दोघांचे मनापासून आभार. विक्रेत्याला फोन केला, १०५०० वालं मशीन २२ हजारांत आहे म्हणतो, एसएमपीएस वॉरंटीत आहे. मग तेच घ्यायचं ठरवते. आता पेजमेकर आणि श्रीलिपीचं काय करू? श्रीलिपीची डोंगलवाली (मशीनला किल्लीसारखं लावायचं उपकरण) जुनी आवृत्ती आहे. आणि लिनक्सचं कोणीच बोललं नाही.

खिळेजुळारी:

पेजमेकर ७ हा २००१ सालचा. विंडोज ११ वर कधी चालतो, कधी रुसतो, आणि डोंगलच्या जुन्या ड्रायव्हरचीही खात्री नाही. गिऱ्हाइकाचं काम अशा भरवशावर ठेवू नका. जुनं मशीन विकू नका, दीडेक हजारसुद्धा यायचे नाहीत त्याचे. त्याचं इंटरनेट कायमचं काढा आणि ते फक्त श्रीलिपी-पेजमेकरसाठी ठेवा. नेटच नसेल तर अपडेट थांबल्याचा धोका फारसा उरत नाही. फाइलची ने-आण पेनड्राइव्हने करा, नव्या मशीनवर तो स्कॅन करून.

नवी कामं मात्र युनिकोडमध्ये घेत चला. मजकुरासाठी लिबरऑफिस फुकट आहे, मांडणीसाठी स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट येतात. छापखान्याला फाँट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, मग त्यांच्याकडे कुठला फाँट आहे हा प्रश्नच राहत नाही. सुरुवातीला कुरकुर करतील, नंतर स्वतःहून मागतात.

लिनक्स मिंट मुलीसाठी उत्तम आहे, तिचं सगळं त्यावर चालेल. पण विंडोज सोबत मिळतंच आहे, तर आत्ता ते काढू नका. मशीन स्थिरावलं की तिलाच विंडोजच्या जोडीला मिंट टाकू द्या, शिकेल. आधी बॅकअप घेऊन.

घाटावरची:

मी शाळेत संगणक शिकवते, मशीन लावण्याबद्दल थोडं. ताई, मशीन आलं की विंडोजची आणि 'आर' ही बटणं एकदम दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. तिथे आवृत्ती २.० दिसली पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली रॅम खरंच १६ जीबी आहे का आणि किती स्लॉट वापरलेत ते कळतं. एसएसडीचं आयुष्य पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं. हे सगळं परत करण्याच्या मुदतीत करा. सेटिंग्जमध्ये भाषेत मराठी जोडली की फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. मुलीचं खातं वेगळं ठेवा. अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, विंडोजचा स्वतःचा पुरतो. आणि अ‍ॅपची चाचणी तिला तिच्या फोनवरही केबल लावून करता येईल, एम्युलेटरपेक्षा ते हलकं पडतं.

विजेचं मात्र फार गंभीरपणे घ्या. यूपीएस घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. आमच्या शाळेत एका उन्हाळ्यात याच कारणाने बोर्ड गेले होते. ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला पुरेल, पण तो फक्त काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज गेली की मशीन रीस्टार्ट होतं. ढग गडगडू लागले की स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरचाही.

वाशिष्ठीकाठ:

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर नेली, तिथलं वायरिंग घाईत झालंय. अर्थिंग आधी बघते, मशीन नंतर मागवते. एक शेवटचं: मुंबईहून कुरिअरने मागवू की भाऊ येणार आहे त्याच्यासोबत?

सर्किटवाला:

भाऊ येत असेल तर त्याच्याकडूनच. त्याला दुकानात चालू करून घाटावरच्या ताईंनी सांगितलेल्या तपासण्या तिथेच करायला सांगा. बिल जीएसटीचं पक्कं हवं, त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहिलेला, आणि वॉरंटीत एसएमपीएस धरलाय हेही. घरी आल्यावर मॉनिटर लावण्याआधी एकदा झाकण उघडून रॅम आणि एसएसडी प्रवासात हलली नाही ना ते पाहा, प्लग काढून.

खिळेजुळारी:

आणि पहिल्याच दिवशी, काही टाकण्याआधी, जुन्या मशीनवरच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. श्रीलिपीच्या फाँट्सचं फोल्डर विसरू नका.