आल्प्समधील व्हिन्शगाऊ खोरे: चालणे, सायकल आणि घाटरस्ता

प्रश्न (धुळे):
सप्टेंबरच्या उत्तरार्धात आई-वडिलांना घेऊन उत्तर इटलीतील व्हिन्शगाऊ खोऱ्यात जाण्याचा विचार आहे. वडील साक्री तालुक्यातील बागाईतदार असून त्यांना चालण्याची सवय आहे. आईला मात्र चढण सोसत नाही आणि घाटात गाडी लागते. दोघांना झेपतील अशा पायवाटा, मला एक दिवस सायकल आणि शेवटी मोटारीने स्टेल्व्हिओ घाट असा बेत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (साक्री):
आपल्या वडिलांना पाटाकाठच्या वाटा अवश्य दाखवा. सभोवतालच्या उंच डोंगरांमुळे या खोऱ्यात पाऊस बेताचाच पडतो, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरातील ओढ्यांचे पाणी पाटांनी उतारावरच्या शेतांपर्यंत आणले. या पाटांना ‘वाल’ म्हणतात. पांझरा नदीकाठच्या फड बागाईतीत, म्हणजे सामाईक पाटपाण्यावरच्या शेतीत, पाटकरी पाट राखण्याचे जे काम करतो, तेच तेथे ‘वालर’ करीत असे, आणि त्याच्या फेरीसाठी पाटालगत राखलेली वाट आज सर्वांना चालण्यासाठी खुली आहे. पाटाला उतार जेमतेम असल्याने वाटही बहुतेक सपाट असते, त्यामुळे आईंनाही ती जड जाणार नाही. काही पाटांवर पाण्याने फिरणारे लाकडी चाक असून त्याच्या जोरावर एक हातोडा घंटेवर पडत राहतो. ठोके थांबले की पाणी कोठेतरी अडले किंवा पाट फुटला, हे वालरला दुरूनच कळत असे. खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या ट्योल गावापासून लाना गावाकडे जाणारा मार्लिंगचा पाट सुमारे १२ किलोमीटरचा आहे. तो पुरा चालण्याचा आग्रह नको, मधूनच खाली गावात उतरता येते. काही ठिकाणी वाट अरुंद आहे, तेथे आईंना आतल्या बाजूने चालू द्यावे.

उत्तर (नंदुरबार):
सायकलसाठी रेल्वेने माल्सपर्यंत वर जावे आणि आडिजे नदीच्या काठाने मेरानपर्यंत खाली यावे. अंतर सुमारे ६० किलोमीटर असून एकूण उतार सुमारे ७०० मीटरचा आहे. सायकल माल्सला भाड्याने घेऊन मेरानला परत करता येते. आपण जाल तेव्हा सफरचंदांची तोडणी चालू असेल. बागांमधल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला आधी वाट द्यावी.

उत्तर (भुसावळ):
घाटात गाडी लागत असेल, तर आईंना स्टेल्व्हिओला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८२० ते १८२५ या काळात बांधलेला हा रस्ता प्राड गावाकडून २,७५७ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि त्यात नागमोडी वळणे ४८ आहेत. त्याऐवजी सर्वांनी १,५०४ मीटर उंचीच्या रेशेन खिंडीकडे जावे. तेथील जलाशयात ग्राउन गावच्या जुन्या चर्चचा मनोरा पाण्याबाहेर उभा आहे. १९५० मध्ये वीजप्रकल्पासाठी ते गाव बुडवले गेले आणि तेथील लोकांना घरे सोडावी लागली. स्टेल्व्हिओ आपण एकट्याने, सकाळी लवकर करावा. त्या सुमारास वर बर्फही पडू शकतो, म्हणून रस्ता खुला आहे का ते निघण्यापूर्वी पाहावे. उतरताना ब्रेकवर विसंबू नये, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते आणि आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो येथूनच आरटीओ कार्यालयातून काढून न्यावा.